‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे! शिकाऊ पायलटला टॉवरचं बोलणं इतकं कान देऊन का ऐकावं लागतं?

गोंदियाजवळच्या बिरसीत किंवा बारामती, धुळ्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे दृश्य रोजचंच. एक लहानसं विमान येतं, धावपट्टीला चाकं टेकवतं आणि न थांबता पुन्हा वर जातं. वळतं, परत वळतं, आकाशात मोठा चौकोन पुरा करून पुन्हा खाली येतं. रानात निंदणी करणारी बाई सकाळपासून दहा वेळा मान वर करते आणि म्हणते, ‘याला दुसरं काम नाही का?’

त्याचं काम तेच आहे. या चौकोनी फेरीला ‘सर्किट’ म्हणतात. आत बसलेला पोरगा किंवा पोरगी विमान उतरवायला शिकत असते. जमिनीपासून साधारण १,००० फूट, म्हणजे ३०० मीटर उंचीवर ही फेरी चालते आणि एक फेरी पाच-सात मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात वेग सांभाळायचा, उंची सांभाळायची, पंखांचे फ्लॅप खाली घ्यायचे, बाहेर दुसरं विमान दिसतंय का ते बघायचं, आणि हे सगळं करताना कान टॉवरकडे ठेवायचा. हातापायांचं काम महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. कानाचं काम मात्र पुष्कळांना जड जातं. विशेषतः मराठी शाळेत शिकून आलेल्या पोरांना.

आपल्या भागातल्या पोरांना आता हे स्वप्न परकं राहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवर आज पायलट घडतात. व्यावसायिक पायलटच्या लायसनसाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं आणि एकूण खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. कुणी जमीन गहाण टाकतो, कुणी कर्ज काढतो. म्हणून आत नेमकं काय चालतं, पोरगं कुठे अडतं, हे घरच्यांनाही थोडं माहीत असलेलं बरं.

टॉवरमधला माणूस काय सांगतो?

विमानतळाच्या उंच काचेच्या खोलीत बसलेला माणूस म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर. धावपट्टी एक आणि विमानं अनेक. कुणी आधी उतरायचं, कुणी थांबायचं, कुणी वळसा घ्यायचा, हे तो रेडिओवरून सांगतो. बाजारच्या दिवशी चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसासारखंच, फरक इतकाच की इथे गाडी मध्येच उभी करता येत नाही. आकाशात ब्रेक नसतो.

बोलणं इंग्रजीत चालतं, पण ती इंग्रजी वेगळीच आहे. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम. ‘थ्री’ला ‘ट्री’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’ आणि ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणतात, कारण खरखरीत आवाजात फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. आकडे बहुतेक सुटे सुटे सांगतात. धावपट्टी बावीस असेल तर ‘ट्वेंटी टू’ नाही, ‘टू टू’. मोबाइल नंबर सांगताना ‘एकोणसाठ म्हणाला की एकोणसत्तर?’ असा घोळ आपल्याकडे रोज होतो. तो घोळ आकाशात परवडणारा नाही.

प्रत्येक विमानाला हाक मारायचं नाव असतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावरचं नाव ‘व्हीटी’ने सुरू होतं. रेडिओवर ते ‘व्हिक्टर टँगो’ आणि पुढची तीन अक्षरं असं होतं. एकाच शाळेची विमानं असली की नावं जावा-जावांसारखी जुळतात. एकाचं अल्फा ब्राव्हो चार्ली, दुसऱ्याचं अल्फा डेल्टा चार्ली. दुसऱ्याला दिलेली सूचना आपली समजून वळणारा विद्यार्थी ही प्रत्येक प्रशिक्षकाची डोकेदुखी असते.

तीन वाक्यं, तीन वेगळे अर्थ

विमान धावपट्टीच्या तोंडाशी आलं की कंट्रोलर तीनपैकी एक गोष्ट सांगू शकतो. ‘होल्ड शॉर्ट’, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडच्या रेषेवर थांब, चाक पुढे टाकू नको. ‘लाइन अप अँड वेट’, म्हणजे धावपट्टीवर ये, सरळ उभा राहा, पण उडू नको. आणि ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’, म्हणजे आता जा.

कागदावर हे सोपं वाटतं. पण शिकणाऱ्याचं मन आधीच उडालेलं असतं. तपासण्या झाल्या, इंजिन तयार, आता ‘क्लिअर्ड’ ऐकायची वाट बघतोय. अशा वेळी माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. लग्नाच्या बोलणीत पाहुणे ‘बघू’ म्हणतात आणि मुलीचा बाप ‘हो’ ऐकतो, तसंच.

ही चूक नवख्यांचीच असते असंही नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसं गेली. परवानगी नसताना विमान पळवणारा कॅप्टन हा त्याच्या कंपनीत इतरांना शिकवणारा मुरलेला माणूस होता. कंट्रोलरने त्याला थांबायला सांगितलं होतं, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कुणीतरी बोललं. दोन रेडिओ एकाच वेळी दाबले गेले की शिट्टीसारखा आवाज येतो आणि बोलणं त्यात बुडतं. त्या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, अशी शिस्त पडली. आज बिरसीतल्या विद्यार्थ्यालाही तीच शिकवली जाते.

ऐकलं ते परत म्हणायचं

कंट्रोलरने सूचना दिली की विद्यार्थ्याने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि शेवटी आपलं कॉलसाइन सांगायचं. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. धावपट्टीवर यायचं, उतरायचं, उडायचं, थांबायचं, ओलांडायचं अशी कुठलीही सूचना, तसंच उंची, दिशा, वेग, हवेच्या दाबाचा आकडा, हे सगळं परत म्हणावंच लागतं. किराणा दुकानदार यादी परत वाचून दाखवतो, ‘दोन किलो साखर, पावशेर चहा, बरोबर?’ तसंच हे.

इथे सिनेमाने पोरांचं नुकसान केलेलं आहे. सिनेमातला पायलट प्रत्येक गोष्टीला ‘रॉजर’ म्हणतो. प्रत्यक्षात ‘रॉजर’चा अर्थ ‘तुझं बोलणं पूर्ण ऐकू आलं’ इतकाच. त्यात ‘हो’ नाही आणि ‘करतो’ही नाही. ‘हो’साठी ‘अफर्म’, ‘नाही’साठी ‘निगेटिव्ह’, ‘तसं करतो’साठी ‘विल्को’. होल्ड शॉर्टच्या सूचनेला नुसतं ‘रॉजर’ म्हटलं तर पोरगा थांबणार आहे की नाही हे कंट्रोलरला कळतच नाही. त्याला परत विचारावं लागतं आणि तेवढ्यात दुसरं विमान उतरायला आलेलं असतं.

रीडबॅकचा खरा उपयोग चूक पकडण्यासाठी आहे. पण त्यासाठी दोन्ही बाजू जाग्या असाव्या लागतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये मलेशियात क्वालालंपूरजवळ एक मालवाहू जंबो डोंगरावर आदळलं. कंट्रोलरने २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगताना ‘टू फोर झिरो झिरो’ म्हटलं. पायलटच्या कानाला पहिला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ वाटला, आकडा उरला चारशे. त्याने रीडबॅकमध्येही चारशेच म्हटलं. टॉवरकडून ती चूक कुणी पकडली नाही. विमानातली चारही माणसं मेली. एका अक्षराचा फरक!

आपल्या देशातलं उदाहरण तर त्याहून मोठं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानची विमानं हवेत धडकली. ३४९ लोक गेले. हवेत विमानं धडकून इतके बळी दुसऱ्या कुठल्याही अपघातात गेलेले नाहीत. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, सौदी विमानाला १४,००० वर. दोघांत हजार फुटांचं अंतर राहायला हवं होतं. पण कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. त्या विमानात कंट्रोलरशी इंग्रजीत बोलायला वेगळा रेडिओवाला होता. म्हणजे ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती, त्यामुळे कंट्रोलरला पायलटच्या बोलण्यावरच विसंबावं लागत होतं.

परत म्हटलं, पण समजलं का?

अलीकडची एक घटना मात्र अनुभवी लोकांनाही विचारात पाडणारी आहे. २ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ, जपानमधला टोकियोचा हानेदा विमानतळ. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने सांगितलं, तुझा नंबर पहिला, थांब्याच्या रेषेपर्यंत ये. त्यांनी ते बरोबर परत म्हणूनही दाखवलं. शब्द एकही चुकला नाही. तरी विमान रेषा ओलांडून धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. ‘नंबर पहिला’ याचा अर्थ कॅप्टनने ‘जायची परवानगी मिळाली’ असा घेतला होता. चाळीसेक सेकंदांनी उतरणारं प्रवासी विमान त्यावर आदळलं. प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, पण तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला.

म्हणजे तोंडाने बरोबर म्हणणं आणि डोक्यात बरोबर उतरणं या दोन गोष्टी आहेत. शाळेत पाढे घडाघडा म्हणणारं पोर हिशोबात चुकतं ते याचमुळे. चांगले प्रशिक्षक म्हणून उड्डाणानंतर विचारतात, ‘त्याने होल्ड शॉर्ट सांगितलं तेव्हा तू कुठे होतास? पुढे कोण होतं? त्याने का थांबवलं?’ उत्तर आलं नाही तर विद्यार्थी पोपटपंची करतोय हे कळतं.

यासाठीच दुसऱ्यांचं बोलणंही ऐकायचं असतं. रेडिओवर सगळ्यांना सगळं ऐकू येतं. पुढचं विमान ‘फायनल’वर आहे, म्हणजे उतरायच्या सरळ रेषेत आलंय, हे ऐकलेल्या विद्यार्थ्याला ‘थोडं लांबून वळ’ ही सूचना अचानक आल्यासारखी वाटत नाही. ती येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. जो फक्त आपल्या नावाची वाट बघत बसतो, त्याच्यासाठी प्रत्येक सूचना म्हणजे दचका.

लाजेचं काय करायचं?

गावाकडून गेलेल्या पोरांची खरी अडचण कान नाही, संकोच आहे. कंट्रोलर भराभर बोलतो, केरळचा असेल तर एक लकब, बिहारचा असेल तर दुसरी. नीट ऐकू आलं नाही. आता ‘परत सांगा’ म्हटलं तर सगळ्यांना ऐकू जाणार, शाळेतले इतर विद्यार्थी हसणार. मग पोरगा अंदाजाने काहीतरी परत म्हणतो. धोका तिथूनच सुरू होतो.

‘से अगेन’ हे दोन शब्द याच कामासाठी नियमात दिलेले आहेत. मोठ्या कंपन्यांचे तीस-तीस वर्षं उडवलेले कॅप्टनही ते रोज वापरतात. कंट्रोलरला त्याचा राग येत नाही. चुकीचा रीडबॅक दुरुस्त करत बसण्यापेक्षा सूचना परत सांगणं त्यालाही सोपं जातं. ‘से अगेन’शिवाय आणखी दोन शब्द पोरांनी खिशात ठेवायचे असतात. ‘स्टँडबाय’, म्हणजे थांबा, आत्ता हात गुंतलेत. आणि ‘अनेबल’, म्हणजे मला हे जमणार नाही.

हा शेवटचा शब्द फार महत्त्वाचा. जुलै २००६ मध्ये इंग्लंडच्या साउथएंड विमानतळावर १६ वर्षांचा एक मुलगा एकट्याने उडत होता, आयुष्यात दुसऱ्यांदाच. तो उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात होता आणि मागून जास्त वेगाचं विमान येत होतं. टॉवरने त्याला उतरणं सोडून बाजूला वळायला सांगितलं. पोरगा आज्ञाधारक. तो वळला. उंची कमी, वेग कमी. विमान त्याच्या हाताबाहेर गेलं आणि कोसळलं. तो वाचला नाही. अशा प्रसंगासाठी त्या मुलाची तयारीच झालेली नव्हती, असं चौकशी अहवालाने म्हटलं. मुलाने ऐकण्यात काही कसूर केली नव्हती. ब्रिटनमध्ये एकटा उडणारा विद्यार्थी आपल्या कॉलसाइनच्या आधी ‘स्टुडंट’ हा शब्द लावतो, म्हणजे कंट्रोलरला कळतं की पलीकडे नवखं पोर आहे, त्याला बेतानेच सांगायचं.

सूचना ऐकायची, पण विमान सोडून नाही. क्रम ठरलेला आहे. आधी विमान सांभाळ, मग दिशा बघ, मग बोल. टॉवरला उत्तर चार सेकंद उशिरा गेलं तर चालतं. उतरताना लहान विमानाचा वेग तासाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असतो, तो घसरू देऊन चालत नाही. आपल्याकडची पोरं सरांना ‘नाही’ म्हणायला शिकलेलीच नसतात. घरात मोठ्यांपुढे बोलायचं नाही, शाळेत गुरुजींपुढे बोलायचं नाही. कॉकपिटमध्ये हा चांगुलपणा नडतो.

तयारी जमिनीवरच होते

रेडिओवर बोलायचंही वेगळं लायसन लागतं, त्याला आरटीआर म्हणतात. ही परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार खात्याकडे होती. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती विमान वाहतूक खात्याकडे, डीजीसीएकडे आली. याशिवाय इंग्रजीचीही परीक्षा असते. सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी पायरी गाठावी लागते. चौथी पायरी म्हणजे साहेबासारखं बोलणं नव्हे. समोरच्याला कळेल असं बोलता यावं, आणि अडलं तर विचारता यावं. मराठी माध्यमाचं पोरगं सहा महिने रोज मनापासून बसलं तर तिथे पोहोचू शकतं. त्यासाठी भारी कोचिंगच लागतं असंही नाही.

विद्यार्थी एक जुनी युक्ती करतात. वसतिगृहाच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि पूर्ण सर्किट मनात उडवायचं. मित्र कंट्रोलर होतो आणि मध्येच सूचना बदलतो. हा तोंडी त्याच वेळी उत्तर देतो आणि हाताने नसलेले फ्लॅप ओढतो. बाहेरून बघणाऱ्याला वेड लागलंय असं वाटेल, पण याने फरक पडतो. मांडीवर पट्ट्याने बांधलेल्या छोट्या पाटीवर आकडे लिहून घेणं ही दुसरी सवय. हवेच्या दाबाचा चार आकड्यांचा आकडा लक्षात ठेवतो म्हणणारा विद्यार्थी दुसऱ्या वळणावर तो विसरलेला असतो.

काही गोष्टी अगदी साध्या आहेत. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलायच्या आधी दुसरं कुणी बोलतंय का ते ऐकायचं. सर्दीने कान गच्च झाले असतील तर त्या दिवशी उडायचंच नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून सकाळी सहाला विमानात बसलेल्या पोराला इंजिनाच्या घरघरीत टॉवर कितपत ऐकू येणार, हे वेगळं सांगायला नको. घरच्यांनीही एवढं जरूर करावं. उड्डाणाच्या आदल्या रात्री कर्जाच्या हप्त्याचा विषय फोनवर काढू नये.

सगळ्याच धावपट्ट्यांवर कंट्रोलर असतो असंही नाही. काही लहान धावपट्ट्यांवर पायलटच रेडिओवर एकमेकांना ‘मी इथे आहे, मी आता वळतोय’ असं सांगतात. तिथे सूचना द्यायला कुणी नाही, म्हणून ऐकायचं ओझं दुप्पट. जुलै २०२५ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात अशाच एका धावपट्टीजवळ सर्किटचा सराव करणारी दोन प्रशिक्षण विमानं धडकली आणि दोन्ही विद्यार्थी गेले. त्यातला एक केरळचा होता.

आणि रेडिओच बंद पडला तर?

तेही शिकवलेलं असतं. विमानात एक यंत्र असतं, त्यात चार आकडी नंबर टाकला की तो रडारवर दिसतो. रेडिओ गेला की ७६०० टाकायचा. मग टॉवरमधून मोठ्या बॅटरीसारखा प्रकाशझोत विमानाच्या दिशेने दाखवतात. हवेत असताना स्थिर हिरवा दिसला तर उतरायला परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा. लाल उघडझाप म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नको. हिरवी उघडझाप म्हणजे उतरण्यासाठी परत ये.

आता पायलटला हे दिसलं, हे टॉवरला कसं कळणार? बोलता तर येत नाही. म्हणून दिवसा तो विमानाचे पंख डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवतो. रात्री दिवे दोनदा लावून विझवतो. धावपट्टीच्या कडेला रान असलेल्यांना कधीतरी एखादं लहान विमान टॉवरच्या बाजूला पंख हलवत जाताना दिसलं, तर ते खेळत असेलच असं नाही. आतलं पोरगं कदाचित टॉवरला सांगत असेल, समजलं.